वाघिणीच्या गळ्यात घंटी

रेल्वेच्या नोकरीत पहिल्या दिवशी मी पहिलं काम कोणतं केलं असेल, तर एका रिकाम्या तेलाच्या डब्यासमोर उभं राहून इंग्रजीत व्याख्यान दिलं.

झालं ते असं. मी बुलढाण्याचा. बुलढाण्याला अजूनही रेल्वे नाही, तेव्हा तर नव्हतीच. आगगाडीशी माझी ओळख शेगावला जाताना झाली तेवढीच. तरी मालबाबू म्हणून नेमणूक झाली, आणि ती झाल्यापासून रेल्वेची जाडजूड नियमावली मी दिवसरात्र घोकत होतो. ती छातीशी धरूनच मी त्या स्टेशनाच्या मालधक्क्यावर हजर झालो. स्टेशनाचं नाव सांगत नाही. तिथली काही मंडळी अजून आहेत आणि त्यातली निम्मी माझ्या सासरची आहेत.

मालधक्क्यावर एक उंच, वाळका, डोळ्यांवर चष्मा आणि काखेत छत्री असलेला माणूस मोठ्या तराजूपाशी उभा होता. एक तेलाचा रिकामा डबा पारड्यात ठेवलेला होता. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "कुठले?"

"बुलढाणा."

"बुलढाणा म्हंजे जथी गाडी जात नाही थे. बरं. बुलढाणा, आधी धडा कर."

मला वाटलं, परीक्षा आहे. मी ताठ उभा राहिलो, डोळे मिटले आणि नियमावलीचा पहिला धडा, म्हणजे मालाची व्याख्या, मालाचे प्रकार आणि मालाच्या मालकाची जबाबदारी, इंग्रजीत धडाधड म्हणायला सुरुवात केली. आजूबाजूच्या हमालांना ते काहीतरी स्तोत्र वाटलं. त्यांनी बिड्या विझवल्या. त्यांच्या म्हाताऱ्या मुकादमानं डोक्याचा पटका काढून हात जोडले.

माझं संपल्यावर तो वाळका माणूस तितक्याच शांतपणे म्हणाला, "झालं? बोला पुंडलिक वरदे. आता डब्याचा धडा कर."

तराजूच्या एका पारड्यात रिकामं भांडं असलं, तर माल ओतण्याआधी दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच वजनाचा दगड ठेवून काटा सरळ करून घ्यायचा, म्हणजे धडा करायचा. हे आमच्याकडे किराणा दुकानातल्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण नियमावलीनं माझ्या डोक्यातलं बाकी सगळं बाहेर ढकललं होतं.

त्या माणसाला सगळं गाव काटेबाबू म्हणे. खरं नाव पगारपत्रकावर असेल, आम्ही कधी वापरलं नाही. त्यांनीही कुणाचं वापरलं नाही. माणूस ज्या गावाहून आला त्या गावाच्या नावानं ते त्याला हाक मारत. मुकादम पिंपळगाव राजाचा, म्हणून त्याला नुसतं "राजा" म्हणत. तो बिचारा आयुष्यभर त्या एका शब्दावर पोती उचलत राहिला. स्टेशनमास्तर जळगाव जामोदचे, ते "जामोद". मी नोकरी सोडेपर्यंत बुलढाणाच राहिलो.

काटेबाबूंचं सगळं जग धड्यावर चाले. कुणी कुणाची स्तुती केली की ते विचारत, "धडा वजा करून सांगून राह्यले का धड्यासकट?" कुणी नेता मोटारीवर उभा राहून तासभर बोलला, तर ते भाषण संपल्यावर म्हणत, "डबा भल्ला मोठा होता, तेल चमचाभर निंगलं." नवा कोट घालून कुणी ऐटीत आला तर ते कोटाचं कापड दोन बोटांत धरून बघत आणि डोळे मिटून मनाशीच काहीतरी वजाबाकी करत. ती वजाबाकी समोरच्याला दिसे. त्याचा कोट तिथंच जुना होई.

स्वतः मात्र ते कधी काट्यावर चढले नाहीत. हमालांनी कितीदा तरी आग्रह केला. ते म्हणत, "माह्या धडा कोन वजा करन बे? तुले जमते का?"

त्यांच्या या वेडाला फक्त त्यांच्या घरात बंदी होती. एकदा त्यांनी घरी कणकेचा गोळा तोलला आणि पोळ्या झाल्यावर पोळ्या तोलल्या. मधल्या फरकाचं वजन कुठं गेलं, असं त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, विचारलं. काकूंनी तराजू उचलला आणि आडात टाकला. काटेबाबू दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन गंभीरपणे म्हणाले, "वाफ व्हय थे. मायबीन, मले आधी लक्षातच नाही आलं." तराजूबद्दल ते काही बोलले नाहीत. आडातलं पाणी मात्र त्या दिवशी त्यांना थोडं वर आल्यासारखं वाटलं होतं, हे त्यांनी मला खाजगीत सांगितलं.

महाराष्ट्र होऊन थोडेच दिवस झाले होते. मण आणि शेर जाऊन किलो आणि क्विंटल येत होते, आणि सगळा बाजार गांगरला होता. काटेबाबू एकटे आनंदात होते. कारण आता गावातल्या प्रत्येकाला काहीतरी विचारायला त्यांच्याकडे यावं लागे. ते त्या माणसाला समोर बसवत आणि किलो सोडून बाकी सगळं समजावून सांगत.

त्यांच्या अंगात दुसरा एक किडा होता. काम आपोआप झालं पाहिजे. मालगाडीची वाघीण, म्हणजे मालाचा डबा, यावी, तिनं आपलं वजन आपण सांगावं, आपला माल आपण खाली ठेवावा आणि निघून जावं, असं त्यांचं स्वप्न होतं. वाघीण भरून झाल्यावर यार्डाच्या पार टोकाला असलेल्या मोठ्या वॅगनकाट्यावर ढकलत न्यायची, तिथं ती जास्त भरली असं कळायचं, मग परत आणून पोती उतरवायची आणि पुन्हा न्यायची. या सगळ्या प्रकारावर ते संतापत. "लेकरू जेवून राह्यलं तं त्याले पोट भरलं का मंधात इचारतेत, का वांती झाल्यावर?"

पहिला प्रयोग त्यांनी माल उतरवण्यावर केला. वाघिणीच्या दारापासून खाली बैलगाडीपर्यंत त्यांनी लाकडी फळ्यांची घसरगुंडी लावली. पोतं वर ठेवलं की ते आपोआप खाली जाणार. हमालांना आधी काळजी वाटली.

"काटेबाबू, काम आपोआप होऊन राह्यलं तं आमी काय कराव?" मुकादमानं विचारलं.

"तुमी बसून बिडी प्या. पगार बिडीचा घ्या."

हमालांना हा विचार पटला. पुढं काटेबाबूंच्या प्रत्येक वेडात हमालांनी जी जीव तोडून साथ दिली, तिचं मूळ या बिडीत आहे.

पहिलं पोतं फळीवर अडकलं. म्हणून काटेबाबूंनी फळ्यांना सरकीचं तेल चोपडायला लावलं. दुसरं पोतं गाडीत नेमकं पडलं आणि टाळ्या झाल्या. तिसरं पोतं गाडीवरून उडून पलीकडं गेलं. पलीकडं स्टेशनमास्तरांचं क्वार्टर होतं आणि अंगणात मास्तरीणबाईंच्या कुरडया वाळत होत्या. बैल कासरा तोडून संग्रामपूरच्या वाटेला लागले. मास्तरीणबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काटेबाबू, तुमच्या वाघिणीले सांगा, कुरडया तळून खातेत!"

काटेबाबू फुटक्या पोत्याकडे बघत म्हणाले, "पोतं आपोआप गेलं का नाही, येवढं सांगा."

दुसरा प्रयोग म्हणजे घंटी. ती समजायला सोपी आहे, मलासुद्धा समजली होती.

वाघिणीच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांच्या कमानी असतात. माल चढतो तशा त्या दबत जातात. काटेबाबूंनी कमानीला एक पट्टी जोडली आणि पट्टीच्या टोकाशी बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी बांधली. वाघीण रिकामी असताना ती पट्टी घंटीचा लोलक चिमटीत पकडून ठेवी. माल पुरेसा भरला की कमान दबे, चिमटा सुटे आणि लोलक मोकळा होई. मग आत हमालांनी पाऊल टाकलं की वाघीण हलायची आणि घंटी वाजायची. पोती उतरवली की चिमटा पुन्हा लोलक धरायचा आणि घंटी गप्प व्हायची.

"पोट भरेस्तोवर जीभ धराची," काटेबाबू म्हणत, "भरलं का मंग बोलाचं. मानसाले कोनं असं बनवलं असतं तं मी पूजा केली असती."

घंटी कुठल्याही वाघिणीला बांधून चालत नव्हतं. वाघिणी येत आणि हिंदुस्थानभर निघून जात. पण आमच्याकडे एक म्हातारी वाघीण होती. लांबच्या प्रवासाला ती लायक राहिली नव्हती. म्हणून ती आमच्या गावच्या कापसाच्या जिनिंगच्या सायडिंगवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, सरकी भरून घेई, थोड्या अंतरावरच्या तेलगिरणीत ती उतरवी आणि परत येई. काटेबाबूंनी तिच्या गळ्यात घंटी बांधली. म्हणजे कमानीलाच बांधली, पण गावात सगळे गळाच म्हणत.

महिनाभर त्या पट्टीला त्यांनी इकडं ठोकलं, तिकडं वाकवलं. घंटी कधी रिकाम्या वाघिणीत वाजे, तर कधी पोत्यांनी दारं मिटेनाशी झाली तरी मुकी राही. एकदा तिच्यावर कावळा बसला तेव्हा वाजली. आणि मग एक दिवस ती नेमकी वाजली. मोठ्या काट्यावर नेऊन बघितलं, तर बरोबर! काटेबाबूंनी हमालांना पेढे वाटले. वाटताना पेढ्याखालचा कागद मात्र ते काढून घेत होते.

याच सुमारास माझं लग्न ठरत होतं.

मुलगी जिनिंगच्या मुनीमजींची. मुनीमजी म्हणजे कपाळावर गंध, पायात करकरणारी वहाण आणि आवाज असा की जिनिंगची यंत्रं चालू असताना त्यांना ओरडावं लागत नसे. बुलढाण्याहून आई-वडील आले आणि वडीलधारं म्हणून काटेबाबूही आमच्याबरोबर मुलगी बघायला आले. पोहे आले, मुलगी आली. माझ्या घशात शेंगदाणा अडकला होता, त्यामुळं मी काही विचारलं नाही. आईनं स्वयंपाकाचं विचारलं. काटेबाबू मधेच म्हणाले, "पोरी, तराजूत धडा काऊन करतेत?"

मुलीनं पदर सावरला, मान वर केली आणि म्हणाली, "भांड्याचं वजन मालाच्या माथी माराचं नसते म्हून."

काटेबाबू उठून उभे राहिले. "झालं," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "उठा. आता काय पाहाले राह्यलं?"

मुनीमजी खूश झाले. साखरपुड्याचा दिवस काढायचं ठरलं. आणि त्याच आठवड्यात घंटी मुनीमजींच्या मालावर वाजू लागली.

वाघीण भरताना वर चार पोती दाबून बसवायची, ही मुनीमजींची जुनी सवय होती. त्यात फार काही पाप आहे असं त्यांना वाटत नसे. पाहुण्याला आग्रहाची पोळी वाढावी तसं ते पोती वाढत. पूर्वी वॅगनकाट्यावर ते उघडकीला येई, पण काटा दूर, बघायला कुणी नसे. आता भर सायडिंगवर, बाया नळावर पाणी भरत असताना, पोरं शाळेत जात असताना, वाघीण टणटण वाजू लागे आणि काटेबाबू छत्री उंचावून ओरडत, "मुनीमजी, तिचं पोट भरलं! बस करा!" मग पोती खाली यायची. शाळेतली पोरं मुनीमजी दिसले की तोंडानं "टणटण" करू लागली.

मुनीमजींनी वर तक्रार केली. वरून पत्र आलं. त्याचा मतलब असा होता, की रेल्वेच्या मालमत्तेला बैलाची घंटी बांधण्याचा हा काय तमाशा आहे, ते एक मोठे साहेब येऊन बघतील. घंटी नेमकी चालली तर ठीक. नाही चालली, तर ती काढायची आणि काटेबाबूंनी बदलीला तयार राहायचं. पेन्शनीला एक वर्ष उरलेलं, काकूंना संधिवात, आणि बदली म्हणे पार वाळवंटात.

मुनीमजींनी मला बोलावलं. चहा दिला. बशीतला चहा मी अजून फुंकत होतो तेव्हा ते म्हणाले, "बाबूजी, साहेबासमोर भरायचा माल माह्याच हाये. साहेबासमोर जर माह्यी वाघीण वाजली ना, तं मंग तुमचं गाव बुलढाणा आन् आमचं गाव हे. सोयरीक खतम."

म्हणजे घंटी वाजली तर माझं लग्न मोडणार, आणि नाही वाजली तर काटेबाबू वाळवंटात जाणार. अशा वेळी शूर माणसं काहीतरी करतात. मी दोन दिवस उचकी लागल्यासारखा हिंडलो. शेवटी काटेबाबूंपुढं जाऊन उभा राहिलो.

"काटेबाबू, दुसऱ्या कुणाचा माल नाही का भरता येणार?"

"दुसरा कोन सायडिंगवर हाये?"

"नाही, म्हणजे... मुनीमजी..."

"बुलढाणा," ते पट्टीला तेल देत म्हणाले, "तुह्या सासऱ्याचा धडा मले मालूम हाये. आवाज वजा केला का मानूस बरा हाये थो."

"आणि घंटी?"

"थे सासऱ्याले ओळखत नाही, मले ओळखत नाही, तुले तं बिलकुलच ओळखत नाही. म्हून तं बांधली."

साहेब आले. पुण्याकडचे, गोरेपान, भरल्या अंगाचे, डोक्यावर पांढरी टोपी. थंडीचे दिवस होते, तरी त्यांना आमच्याकडचं ऊन सोसत नव्हतं. सायडिंगवर सगळा गाव जमला होता. मास्तरीणबाई आल्या होत्या, बहुतेक कुरडयांचा हिशेब चुकता होताना बघायला. नळापाशी बायांचा घोळका होता. त्यात मुनीमजींची मुलगीही होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. म्हणजे ती निळ्या लुगड्यात होती आणि तिच्या हातात कळशी होती, एवढंच बघितलं.

हमाल पोती चढवू लागले. वाघीण भरत गेली. काटेबाबू छत्री टेकून कान देऊन उभे होते. मुनीमजी वहाणा करकरवत फेऱ्या घालत होते.

पोती नेहमीच्या खुणेपर्यंत आली. घंटी गप्प. मुकादमानं काटेबाबूंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, चढवा. आणखी पोती चढली. हमाल आत मुद्दाम पाय आपटून नाचू लागले. घंटी गप्पच. मुनीमजी थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं आणि मग हळूहळू पौर्णिमा उगवली.

"काय हो," साहेब घड्याळ बघत म्हणाले, "तुमची वाघीण आज उपास करते आहे की मौन?"

लोक हसले. काटेबाबूंचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. त्यांनी वहाणा काढून बाजूला ठेवल्या, धोतर खोचलं आणि वाघिणीखाली वाकले. बराच वेळ फक्त त्यांची पाठ दिसत होती. मग ते मागं सरकत बाहेर आले. उजवी मूठ घट्ट मिटलेली. तिच्या फटीतून पांढरं काहीतरी डोकावत होतं.

"कापूस!" मुकादम ओरडला. "घंटीत कोनं तरी कापूस कोंबला!"

आता सरकीच्या गावात कापूस सगळ्यांच्याच अंगावर असतो. माझ्या काळ्या कोटावरही होता. पण सगळ्यांच्या माना एकाच वेळी मुनीमजींकडे वळल्या.

"देवाशप्पत!" मुनीमजींचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "म्या नाही! लेकीची आन, म्या नाही!"

साहेबांची मान लाल झाली. "हा रेल्वेच्या कामात अडथळा आहे. कोणी घातला हा कापूस? बाबू, तुम्हाला ठाऊक आहे?"

काटेबाबूंनी मूठ थोडी उघडली. आत बघितलं. मग मान वर करून गर्दीकडे बघितलं, अगदी सावकाश, तराजूचा काटा थांबायची वाट बघावी तसं. मला वाटलं, संपलं. आता हे नाव घेणार, मुनीमजींवर खटला होणार आणि मी जन्मभर शेंगदाणे खात बसणार.

काटेबाबूंनी मूठ मिटली आणि खिशात घातली.

"म्याच घातला साहेब," ते म्हणाले. "थंडीचे दिस हायेत. घंटी नवी हाये, कानात हवा लागते, म्हून रोज रातच्याले कापूस घालतो. आज काढाचा राह्यला. म्हातारपन."

साहेबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की बदलीचं ठिकाण आणखी लांबचं निघेल की काय असं मला वाटलं.

"घंटीच्या कानात?"

"हाव साहेब. तिले पडसं झालं तं आवाज बसते."

आधी नळावरच्या बाया हसल्या, मग हमाल, मग मास्तर. त्या हसण्यातच मुकादमानं आत पाय आपटला आणि वाघिणीनं तोंड उघडलं. टणटणटणटण! सगळा यार्ड दणाणला.

"जास्त झालं," काटेबाबू म्हणाले. "राजा, वरचं उतरव."

एक पोतं खाली आलं. टणटण. दुसरं. टणटण. आणखी. मग शेवटचा एकटा हमाल आत नाचत होता तरी घंटी गप्प झाली. साहेबांनी वाघीण वॅगनकाट्यावर न्यायला लावली. सगळा गाव मागून ढकलत गेला, मुनीमजीसुद्धा. साहेबांनी स्वतः वाकून काटा बघितला. नेमकं.

साहेबांना ते पटेना. आत काहीतरी चलाखी असेल म्हणून ते शिडी लावून वाघिणीत चढले. आणि त्यांनी आत पाऊल ठेवलं तशी घंटी वाजली.

कुणी हसलं नाही. हसू दाबायचा आवाज मात्र सगळीकडून आला. साहेब उतरले. घंटी गप्प. साहेबांनी इकडं तिकडं बघितलं आणि पुन्हा चढले. टणटण. पुन्हा उतरले. असं ते किती वेळा चढले-उतरले कुणास ठाऊक. शेवटी तर ते टोपी काढून चढले, मग कोट काढून चढले, आणि दर वेळी घंटी वाजते का याकडं परीक्षेच्या निकालासारखं कान लावून उभे राहिले.

काटेबाबू खालून अदबीनं म्हणाले, "साहेब, बुटाचा धडा करून पाहा."

साहेबांनी बूट काढले. घंटी वाजलीच. मग मात्र साहेब इतके हसले, की ते हसत होते तोवर घंटी वाजतच राहिली.

बदलीचा हुकूम कधी आला नाही. घंटीला परवानगीही आली नाही. साहेबांनी जाताना फक्त एवढं विचारलं, "हा कापूस पुन्हा घालणार नाही ना?" काटेबाबू म्हणाले, "आता पुढच्या हिवाळ्यापावतर गरज नाही साहेब."

त्या संध्याकाळी मुनीमजी माझ्या खोलीवर आले. दारातच उभे राहिले. "म्या कापूस घातला नव्हता," ते म्हणाले. "पन माह्यावर कोन इश्वास ठेवला असता? त्या मानसानं सगळ्यायसमोर माह्यी अब्रू आपल्या खिशात घातली. त्याच्या हाताखालचा पोट्टा हाये तुमी. आता नाही कसं म्हनू?" मग जाता जाता त्यांचा आवाज परत आला. "साखरपुडा पुढच्या गुरुवारी! घंटी आनू नका मनाव!"

लग्नात काटेबाबूंनी आहेर दिला. कागदाची छोटी पुडी. मी उघडली, तर आत समईच्या वाती! हातानं वळलेल्या, थोड्या मळलेल्या, जुडीभर वाती. मांडवात हसाहस झाली. माझी आत्या म्हणाली, "येवढा रेल्वेचा मानूस आन् आहेर वातीचा!" मलाही वाईट वाटलं. मी मनात म्हटलं, पेढ्याखालचा कागद काढून घेणारा माणूस, आणखी काय देणार? काटेबाबूंनी पुडी माझ्या हातातून घेतली, नवरीच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाले, "पोरी, धडा करून देतो. बरोबर हाये ना?" तिनं वाकून नमस्कार केला. बराच वेळ वर उठली नाही. नव्या नवरीला रडू येतंच, त्यात मी फार काही शोधलं नाही.

म्हाताऱ्या वाघिणीचं पुढं काय झालं, तेही सांगतो. एकदा चुकून ती एका लांबच्या मालगाडीला जोडली गेली आणि घंटीसकट निघून गेली. तारा केल्या, चौकशा केल्या, पत्ता लागला नाही. काटेबाबू निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी मालधक्क्यावर येऊन बसत. मालगाडी धडधडत गेली की कान टवकारत. मग मला ढोसून म्हणत, "ऐकलं? आपली व्हय."

मला काही ऐकू यायचं नाही. मी म्हणे, "हाव, आपलीच."

एकदा ते म्हणाले, "अख्ख्या हिंदुस्थानात फिरून राह्यली पोट्टी. जथी जास्त भरतीन तथी बोंबलन." त्यांच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो, तेव्हा काकू त्यांच्या उशाशी बसून होत्या. मला बघून ते म्हणाले, "बुलढाणा, तुह्या बायकोले इचार, समई लावते का नाही." मी म्हटलं, लावते. "मंग बस झालं," म्हणाले आणि कुशीवर वळले. ती आमची शेवटची भेट.

परवा हे सगळं लिहून झाल्यावर मी बायकोला वाचून दाखवलं. ती समईची काजळी पुसत बसली होती. वाचताना मी मुनीमजींचा आवाज काढला, साहेबांचं चढणं-उतरणं हातवारे करून दाखवलं. ती हसली नाही. संपल्यावर मी म्हटलं, "कापूस कुणी घातला, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. तुझ्या वडिलांनीच घातला असणार."

"बाबांनी नाही," ती म्हणाली.

"मग?"

"अहो, कापूस नव्हता थो. वाती होत्या. आईच्या लाखवातीसाठी मी वळत होती. सकाळी नळावर जाता जाता जुडी कमरेची काढली आन् देल्ली कोंबून घंटीत. बाबा बोलले व्हते ना, वाघीण वाजली तं सोयरीक खतम." तिनं समईत तेल घातलं. "काटेबाबूंनी मूठ उघडली तवाच त्यायले समजलं, वाती वळाचं काम बाईचं. गर्दीत त्यायनं माह्याकडे पाह्यलं. मले वाटलं, धरणीनं पोटात घ्याव. आपल्या संसारापायी मी त्या म्हाताऱ्याले वाळवंटात धाडत होती, आन् त्यायनं आळ आपल्यावर घेतला. त्याच वाती लग्नात वापस देल्ल्या."

मी कागद हातात धरून बसलो. इतक्या वर्षांत ही बाई एक अक्षर बोलली नव्हती, आणि मी मांडवात त्या आहेराला मनातल्या मनात नावं ठेवली होती. मग कागद बाजूला ठेवून म्हटलं, "म्हणजे माझ्याकरता तू एवढं केलंस?"

तिनं वात पुढं ओढली, काडी लावली आणि माझ्याकडं वरपासून खालपर्यंत, काटेबाबू नवा कोट बघत तसं, बघितलं.

"पोह्याच्या दिवशी तुमी एक शबुद बोलले नाही," ती म्हणाली. "म्हून धडा कराचा राहून गेला. केला असता, तं घंटी वाजू देल्ली असती."